स्टोन्सचा नवा अल्बम ऐकलात का? (सांगली-मिरज-सातारा मंडळींनी जरूर लिहावं)

विश्रामबागी:
राम राम मंडळी.

'हॅकनी डायमंड्स' बाहेर पडून आठवडा उलटला तरी इथे कुणी धागा काढेना, म्हणून शेवटी मीच काढतो. रोलिंग स्टोन्सचा स्वतःच्या नव्या गाण्यांचा याआधीचा अल्बम २००५ चा, 'अ बिगर बँग'. मधे २०१६ ला 'ब्लू अँड लोन्सम' आला, पण ती सगळी दुसऱ्यांची जुनी ब्लूज गाणी. म्हणजे अठरा वर्षांनी स्वारी नवं काहीतरी घेऊन आली आहे. जॅगर आणि कीथ रिचर्ड्स दोघेही १९४३ चे. रॉनी वुड त्यांच्यातला पोरगेलासा, १९४७ चा. चार्ली वॉट्स २०२१ च्या ऑगस्टमध्ये गेला, त्याच्या जागी ड्रम्सवर स्टीव्ह जॉर्डन.

गाणी वाईट नाहीत. 'अँग्री' लागलं की पाय हलतो. 'ड्रीमी स्काइज' तर फार आवडलं. तक्रार वेगळी आहे. सगळं इतकं घासूनपुसून ठेवलंय की ऐंशीचा माणूस गातोय हे कुणाच्या लक्षातच येऊ नये. आपण मिरासाहेबांच्या उरुसात, दर्ग्यात बसून गाणं ऐकत वाढलेली माणसं. तिथे वयस्कर गवई गायला बसला की त्याचा दम, त्याचा घसा, सगळ्यासकट ऐकायचं. आणि सूर जरासा थरथरला की नेमकी तिथेच दाद जायची. इथे ती सोयच ठेवलेली नाही.

१९६४ पासून अल्बम काढतायत ही मंडळी. या वयात आणखी एकाची गरज होती का? आणि काढायचाच तर वयासकट काढावा की वय झाकून? मनापासून लिहा. 'काही म्हणा, लेजंड आहेत' छापाचे प्रतिसाद नकोत.

भडंग_बिनलसणाचा:
मी पहिला!
काही म्हणा, लेजंड आहेत.

निव्वळ_वाचक:
वाचतोय.

भडंग_बिनलसणाचा:
बाकी दोन अल्बमच्या मधे सांगलीनं तीन महापूर बघितले. २००५, २०१९, २०२१. आता चौथा अल्बम काढू नका म्हणावं, आम्हाला परवडणार नाही.

तारीख_पे_तारीख:
२००५ चा पूर जुलैअखेर ते ऑगस्टमधला. 'अ बिगर बँग' सप्टेंबरात आला. मधे दोनच पूर येतात. आणि 'चौथा अल्बम' हे कुठून काढलंत?

भडंग_बिनलसणाचा:
वकीलसाहेब, आमच्या घरातला चिखल सप्टेंबरातच निघाला. तीनच धरा.

आयर्विन_पूल:
पुराचा विषय निघालाच आहे तर. २०१९ ला आमच्या गल्लीत छातीएवढं पाणी. माळ्यावर फेकलेल्या वस्तू वाचल्या, टीव्हीखालच्या कपाटातल्या सगळ्या गेल्या, आणि कॅसेटी नेमक्या टीव्हीखाली. किशोर, आशाबाई, वसंतरावांच्या नाट्यपदांच्या दोन, आणि स्टोन्सची 'व्हूडू लाउंज'. पाणी ओसरल्यावर घरातले लोक गाद्या-धान्य बाहेर काढत होते आणि मी ओसरीवर बारका स्क्रूड्रायव्हर घेऊन कॅसेटी उघडत बसलेलो. आईच्या शिव्या खाल्ल्या. टेप साध्या पाण्यात खळबळून, बायकोच्या ओढणीवर सावलीत पसरून वाळवली आणि दुसऱ्या खोक्यात गुंडाळली. पेन्सिलीनं. आमच्या पिढीला ते शिकवावं लागत नाही.

'व्हूडू लाउंज' वाजली. सगळी नाही, एक बाजू. मधे मधे आवाज पाण्याखाली जातो आणि वर येतो. आमचा पोरगा म्हणाला, पप्पा हा इफेक्ट भारी आहे.

विश्रामबागी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. नवा अल्बम फोनवर ऐकला. चांगला आहे. पण धुऊन वाळत घालता येत नाही.

पुणेरी_निर्वासित:
जन्माने सांगलीकर, पोटासाठी पुण्यात. वाईटपणा घेतो. स्टोन्स हा मुळातच गरजेपेक्षा जास्त डोक्यावर घेतलेला बँड आहे. तीन कॉर्ड, एक शर्ट उघडा. डीप पर्पलमध्ये जॉन लॉर्डचा ऑर्गन ऐका, इयन पेसचा हात ऐका, मग वाजवणं कशाला म्हणतात ते कळेल. ऐंशीव्या वर्षी 'माझ्यावर का रागावलीस' असं गाणं करणाऱ्या माणसाला कुणीतरी नातवंडांची नावं विचारा.

बाहेरचे पाहुणे किती आणलेत बघा. पॉल मॅकार्टनी बेसवर, एल्टन जॉन पियानोवर, स्टीव्ही वंडर की-बोर्डवर, लेडी गागा गायला. स्वतःच्या जिवावर अल्बम उभा राहत असता तर एवढी वरात लागली नसती.

कासचं_फूल:
काका, मी तेवीस वर्षांची आहे, साताऱ्यात असते आणि त्या 'वराती'मुळेच इथे आले. गागासाठी 'स्वीट साउंड्स ऑफ हेवन' लावलं. सात मिनिटांच्या वर गाणं आहे, आमच्या पिढीला दोन मिनिटांच्या पुढे दम निघत नाही असं तुम्हीच म्हणता ना? मी सलग ऐकलं. एका ठिकाणी गाणं संपतं. चक्क संपतं, मी फोन हातात घेतला पुढचं लावायला. तेवढ्यात स्टीव्ही वंडर एकटाच सूर धरून ठेवतो, मिक काहीतरी पुटपुटतो, गागा त्याला उत्तर देते आणि सगळे पुन्हा आत येतात. दोघं एकमेकांना वर वर चढवत नेतात. आमच्याकडे भजनात बुवा आणि मागचे टाळकरी पेटतात ना, तेव्हा घड्याळ कुणी बघत नाही.

आणि गागाला काही हुंडा देऊन आणलेलं नाही. ती त्याच इमारतीत लॉस एंजेलिसला रेकॉर्डिंग करत होती, डोकावायला आली आणि माइकपुढे बसली.

नंतर आईबाबांच्या पिढीची सगळी गाणी शोधत बसले. रात्रीचे दोन वाजले. दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडालं, त्याचं खापर या धाग्यावर.

विश्रामबागी:
@कासचं_फूल, स्वागत. ते गाणं मलाही आवडलं. पण बघा हं, तुम्ही ज्या जागेचं वर्णन केलंत ती जागा नेमकी न घासलेली आहे. माणसं एका खोलीत बसून एकमेकांकडे बघतायत हे तिथे ऐकू येतं. माझं म्हणणं तेच आहे, बाकीची अकरा गाणी तशी का नाहीत?

तारीख_पे_तारीख:
बाकीची दहा म्हणा. शेवटचं 'रोलिंग स्टोन ब्लूज'ही तसंच आहे.

माहुलीची_मावशी:
नमस्कार. मी इथे सहसा पाककृतींच्या धाग्यांवर असते, पण स्टोन्स म्हटल्यावर राहवलं नाही.

७ एप्रिल २००३, ब्रेबॉर्न स्टेडियम. हे लोक पहिल्यांदाच भारतात आले होते, आधी बंगळूर झालं, मग मुंबई. माझे यजमान वेडे, मी त्यांच्याबरोबर म्हणून गेलेली. साताऱ्याहून एसटीने निघालो. बँकेतून हाफ डे टाकून तशीच साडीवर गेले होते. शेजारच्या दोन पोरींनी वळून वळून बघितलं आणि नंतर त्याच मला पाण्याची बाटली देत होत्या. सगळं पब्लिक जॅगरकडे बघत होतं. तो माणूस एका जागी दोन सेकंद उभा राहत नाही. माझं लक्ष मात्र मोठ्या पडद्यावर मागच्या ड्रमवाल्याकडे. नीट इस्त्रीचा शर्ट घातलेला, चेहऱ्यावर माशी हलत नाही, जणू आमच्या बँकेतले हेडकॅशियर.

माझे वडील माहुलीला भजनात पखवाज वाजवायचे, त्यामुळे हात बघायची सवय. त्याचा उजवा हात झांजेवर एकसारखा चालायचा, पण डावा हात स्नेअरवर, म्हणजे पुढ्यातल्या छोट्या ड्रमवर, पडला की उजवा त्या वेळेपुरता उचललेला. दर वेळी. दोन्ही हात एका वेळी कधी पडायचेच नाहीत. मला वाटलं दमला असेल. घरी येऊन चिरंजीवांना विचारलं, ते कॉलेजात ड्रम्स वाजवायचे. ते म्हणाले, आई, हीच तर चार्ली वॉट्सची खूण, त्यामुळे स्नेअरचा ठोका मोकळा पडतो. तेव्हापासून कुठलंही गाणं लागलं की मी आधी तो उचललेला हात ऐकते.

नव्या अल्बममध्ये चार्ली फक्त दोन गाण्यांत आहे, 'मेस इट अप' आणि 'लिव्ह बाय द स्वोर्ड'. २०१९ ची जुनी रेकॉर्डिंग्ज वापरलीत. दुसऱ्यात बिल वायमनही बेसवर आहे, १९९३ ला बँड सोडून गेलेला. स्टीव्ह जॉर्डन उत्तम वाजवतो, त्याचं नाव तर चार्लीनेच सुचवलेलं. पण त्याचा ठोका दणकट, भरीव. या दोन गाण्यांत हवा आहे. विश्रामबागी, तुम्हाला 'घासलेलं' वाटतंय त्यातलं थोडं चार्ली नसल्यामुळे असेल का?

यजमान असते तर त्यांनी याच्यावर तासभर भाषण दिलं असतं.

भडंग_बिनलसणाचा:
मावशी, साष्टांग दंडवत. माझे आजवरचे सगळे प्रतिसाद मागे घेतो.

निव्वळ_वाचक:
मावशी +१००

तारीख_पे_तारीख:
मावशींच्या माहितीत भर. चार्ली वॉट्स क्रिकेटचा पक्का शौकीन होता. ब्रेबॉर्नवर बसून वाजवताना त्याला काय वाटलं असेल हा माझा जुना प्रश्न आहे.

पुणेरी_निर्वासित:
मावशींचा प्रतिसाद आवडला. मत तेच.

डॉल्बीवाला_बंड्या:
मी इंग्लिश गाण्यातला काय जाणकार न्हाई. पर आवाजाचं काम बारा महिने करतो, तवा 'घासलंय' म्हंजे काय ते सांगू शकतो.

मावशी म्हणत्यात ते बरोबर, पर सगळंच ड्रमवाल्यावर घालू नका. काल ह्यो अल्बम गोडाऊनला मोठ्या स्पीकरवर लावला. आन् मालकांच्या कपाटात ह्यांच्याच 'टॅटू यू'ची जुनी सीडी हाय, ती बी लावली. 'टॅटू यू' लावल्यावर मला आवाज वाढवाय लागला. नवा लावल्यावर नॉब खाली आणला. हितंच सगळं आलं.

गाण्यात बारीक आवाज असतो, मोठा आवाज असतो. कॉम्प्रेसर काय करतो, मोठ्याला वरनं दाबतो. मग मोठा आन् बारीक जवळ जवळ येत्यात, मग सगळंच उचलून वर न्यायचं. लिमिटर वर छत टाकतो, त्याच्या पल्याड कायच जात न्हाई. कॉम्प्युटरवर बघितलं तर डोंगर-दऱ्या दिसायच्या जागी सरळ जाड पट्टा दिसतो. मोबाईलवर, गाडीत, हॉटेलात ह्ये भारी वाटतं, कारण भवतालच्या गोंगाटात बी सगळं ऐकू येतं. मोठ्या स्पीकरवर चार गाणी झाली की कान थकत्यात. गाणं वाईट न्हाई, श्वास घ्यायला जागा न्हाई.

आमच्याकडं गणपतीत ह्येच. मंडळाची पोरं म्हणत्यात बंड्या अजून दे, अजून दे. अँपवर लाल लाइट लागलीय, तरी दे. लिमिटर काढून दिलं तर व्हॉइस कॉइल जळती, आन् वास सुटला की पोरं गायब, बिल आमच्या बोकांडी. गेल्या साली एका मंडळानं दोन बेस जाळलं, पैसं अजून न्हाईत दिलं.

विश्रामबागी साहेब, म्हाताऱ्याचा श्वास गाण्यातनं कोण काढत न्हाई. ती पट्टी दाबली की श्वास बी गाण्याएवढाच मोठा हुतो, मग कळत न्हाई कुठला श्वास आन् कुठलं गाणं.

विश्रामबागी:
बंड्या भाऊ, इतका वेळ जे मला सांगता येत नव्हतं ते तुम्ही चार ओळीत सांगितलंत. 'एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट'मध्ये जॅगरचा आवाज वाद्यांत अर्धा बुडालेला आहे. १९७२ चा अल्बम. अर्धे शब्द कळत नाहीत आणि म्हणूनच माणूस कान देऊन ऐकतो. इथे तो पहिल्या ओळीपासून कानाशी येऊन बसलाय.

गल्लीतला_गणप्या:
डॉल्बीमुळे आमच्या आजोबांना गणपतीत मामाकडे पाठवावं लागतं आणि इथे डॉल्बीवाले श्वासाबद्दल लिहितायत. वा!

डॉल्बीवाला_बंड्या:
दादा, रात्री धानंतर मशीन बंद करणारा मी पयला असतो. ज्यांनी सुपारी दिली त्यांना जाब इचारा.

गल्लीतला_गणप्या:
दहापर्यंत काय होतं ते विचारा की. खिडक्यांच्या काचा हलतात, दवाखान्यासमोरसुद्धा

संपादक:
डॉल्बीवर चालू असलेला स्वतंत्र धागा आहे, तिकडे भांडावे. इथे स्टोन्स.

जवारी:
मिरजेचा आहे. घरात सतारी-तंबोऱ्यांचं काम, मी स्वतः अर्धा वेळ कारखान्यात आणि अर्धा वेळ गिटारवर. त्यामुळे दोन्हीकडून बोलणी खातो.

'पेंट इट ब्लॅक'पासून सुरू करतो. स्टोन्सचं १९६६ चं गाणं, त्यांच्यातल्याच ब्रायन जोन्सने सतार वाजवलीय. लहानपणी मोठ्या हौसेने ते चुलत्यांना ऐकवलं होतं. त्यांनी हातातलं काम न थांबवता ऐकलं आणि म्हणाले, "ह्याला सतार वाजवायची नाही, ह्याला सतारीचा आवाज पाहिजे. मिळालाय की." मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं यापेक्षा चांगलं परीक्षण कुणी लिहिलं नसेल.

तो आवाज म्हणजे जवारी. तंबोऱ्याची तार घोडीवरून जाते ती एका टोकावर टेकलेली नसते, सपाट पृष्ठभागावरून जेमतेम चाटत जाते. तो पृष्ठभाग कानशीने उतरवायचा. थोडा कमी उतरला तर आवाज बंद, जास्त उतरला तर नुसती खरखर. घासायचं, तार चढवायची, ऐकायचं, तार उतरवायची, पुन्हा घासायचं. वर सुती दोरा तारेखाली सरकवत न्यायचा, एका जागी आवाज एकदम उमलतो. मशीनवर हे अजून कुणाला जमलेलं नाही, कारण शेवटचा निर्णय कानाचा.

आता कीथ रिचर्ड्स. १९६५ च्या 'सॅटिस्फॅक्शन'ला त्याने गिटार फझ बॉक्समधून, म्हणजे आवाज फाटका करणाऱ्या डबीतून, वाजवली. त्याच्या डोक्यात तिथे ब्रास वाजणार होतं, गिटार नुसती खूण म्हणून. ती खूणच राहिली. स्वच्छ सुराला मुद्दाम चरचर आणायची, ही ओढ दोन्हीकडे सारखीच आहे.

याहून मजेची गोष्ट त्याचं ट्यूनिंग. साठचं दशक संपता संपता त्याने गिटारची सर्वांत जाड सहावी तार काढूनच टाकली आणि उरलेल्या पाच ओपन जी मध्ये लावल्या: जी-डी-जी-बी-डी. आपल्या भाषेत सा-प-सा-ग-प. आता तंबोरा आठवा, प-सा-सा-सा. तो माणूस हातात जवळजवळ तंबोरा धरून रॉक वाजवतोय. 'ब्राउन शुगर', 'स्टार्ट मी अप', सगळं याच लावणीतलं. खाली सा-प सतत गुणगुणत राहतात आणि वर तो दोन बोटांनी चाळे करतो. पुणेरी_निर्वासित, तीन कॉर्ड म्हणालात ते खरं आहे. पण तंबोऱ्याला एकही कॉर्ड नसतो आणि त्याशिवाय कुणाचं गाणं उभं राहत नाही.

कीथने स्वतःच सांगितलंय की हातात संधिवात आहे आणि वाजवण्याची पद्धत बदलावी लागली. 'टेल मी स्ट्रेट' त्याने गायलंय, ते ऐका. आवाज फुटका, गिटार मोजकी. विश्रामबागी, तुम्हाला हवं असलेलं वय तिथे आहे, तुम्ही जॅगरच्या घशात शोधताय.

मूळ प्रश्नावर एवढंच म्हणेन. जुन्या तंबोऱ्याची जवारी काही वर्षांनी पुन्हा काढावीच लागते. तार चालून चालून घोडीला खाचा पडतात, आवाज मरतो. लाकूड तेच, भोपळा तोच, घोडी मात्र पुन्हा घासायची. या अल्बमचा निर्माता अँड्र्यू वॉट, त्याने तेच केलं. फक्त कानस जरा जास्त चालवली.

आयर्विन_पूल:
सा-प-सा-ग-प! हातातलं काम सोडून गिटार काढली. पोराची आहे, सहावी तार काढून ठेवलीय, तो घरी आला की बघू.

पुणेरी_निर्वासित:
जवारी, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून ठेवण्यासारखा आहे. तरीही डीप पर्पल.

कासचं_फूल:
अँड्र्यू वॉट हा निर्माता १९९० चा आहे. म्हणजे हे लोक पहिल्यांदा बाहेर पडले तेव्हा त्याचे आईवडीलच शाळेत असतील. रोज स्टोन्सचा वेगळा टी-शर्ट घालून स्टुडिओत यायचा म्हणे. असा भक्त मिळाल्यावर तो देवाला शेंदूर जरा जास्त फासणारच.

तारीख_पे_तारीख:
आणखी एक मुद्दा राहिला. वर्षानुवर्षं अर्धवट गाणी पडून होती, अल्बम काही होईना. शेवटी जॅगरने तारीख ठरवली: व्हॅलेंटाइन डेपर्यंत, म्हणजे १४ फेब्रुवारी २०२३ पर्यंत संपवायचं. डिसेंबर २०२२ ला वॉटबरोबर बसले आणि आटोपलं. विश्रामबागींच्या 'गरज होती का' याचं उत्तर यात आहे असं मला वाटतं. पैशाची गरज असती तर जुन्या गाण्यांचे दौरे पुरेसे होते. ऐंशीच्या उंबरठ्यावर स्वतःवर मुदत लादून घेणारा माणूस दुसऱ्याच कशाच्या तरी मागे आहे. आमच्या कोर्टात चाळिशीतले लोक तारीख पुढे मागतात.

भडंग_बिनलसणाचा:
हे तुम्ही म्हणावं वकीलसाहेब! आयडी तरी बदला.

माहुलीची_मावशी:
मला मॅकार्टनीचं वाजवणं फार आवडलं, 'बाइट माय हेड ऑफ'मध्ये. बीटल्स की स्टोन्स यावरून आमच्या कॉलेजात अबोले व्हायचे आणि इथे बीटल्सवाला स्टोन्सच्या गाण्यात मध्येच बेसवर गुरगुरतोय. यजमान बीटल्सवाले नव्हतेच. त्यांना हे चाललं असतं का, विचार करतेय.

विश्रामबागी:
मावशी, चाललं असतं. ब्रेबॉर्नला एसटीने गेलेला माणूस एवढा कोता नसतो.

शेवटच्या गाण्याबद्दल कुणी फार लिहिलं नाही म्हणून लिहितो. 'रोलिंग स्टोन ब्लूज' हे मूळ मडी वॉटर्सचं, १९५० चं. १९६२ ला ब्रायन जोन्सने बँडचं नाव यावरूनच घेतलं. एवढ्या वर्षांत यांनी ते अल्बमसाठी कधी केलं नव्हतं. इथे फक्त जॅगर आणि कीथ. एक गिटार, एक हार्मोनिका, एक आवाज. ना ड्रम्स, ना पाहुणे. हार्मोनिका ओठाला लावण्याआधी जॅगर श्वास घेतो तो ऐकू येतो. गिटारची तार फ्रेटवर खरचटते, ती तशीच राहू दिलीय. डार्टफर्डच्या रेल्वे स्टेशनवर १९६१ ला ही दोन पोरं भेटली तेव्हा जॅगरच्या काखेत ब्लूजच्या रेकॉर्डी होत्या, त्यात मडी वॉटर्स होता. त्या रेकॉर्डी बघूनच कीथ बोलायला लागला.

म्हणजे वयासकट गाणं त्यांना येतं. बारा गाण्यांत एकदाच केलं, ही माझी तक्रार कायम.

जवारी:
सगळी बारा तशीच केली असती तर तुम्हीच धागा काढला असता: 'म्हाताऱ्यांनी ब्लूजच किती दिवस दळायचे?' 'ब्लू अँड लोन्सम'च्या वेळचा तुमचा प्रतिसाद सापडलाय, लिंक देऊ का?

विश्रामबागी:
नको.

भडंग_बिनलसणाचा:
द्या द्या द्या.

आयर्विन_पूल:
आत्ताच बीटल्सचं 'नाउ अँड देन' ऐकलं. जॉन लेननची सत्तरच्या दशकातली घरगुती कॅसेट, पियानोच्या आवाजात गाणं बुडालेलं. कॉम्प्युटरने त्याचा आवाज वेगळा काढून दिला. माझ्या 'व्हूडू लाउंज'ची दुसरी बाजू त्या लोकांकडे पाठवायची आहे, पत्ता कुणाकडे असेल तर द्यावा.

डॉल्बीवाला_बंड्या:
दादा तुमची टेप आनून द्या, बघतो. चिखल निघंल का सांगत न्हाई.

(फेब्रुवारी २०२५)

तारीख_पे_तारीख:
धागा वर काढतोय. 'हॅकनी डायमंड्स'ला बेस्ट रॉक अल्बमचा ग्रॅमी. याच विभागातला सगळ्यात पहिला पुरस्कारही यांचाच होता, १९९५ ला, 'व्हूडू लाउंज'साठी. आयर्विन_पूल, तुमची कॅसेट आता पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात द्या.

पुणेरी_निर्वासित:
ग्रॅमी मिळाला म्हणजे अल्बम चांगला हे कुणी ठरवलं? गेल्या जुलैत डीप पर्पलचा '=१' आला. गायक गिलन अठ्ठ्याहत्तरचा, नवीन गिटारवादक सायमन मॅकब्राइड. एकाही पाहुण्याशिवाय. ऐका आणि मग बोला. किंकाळ्या मारायच्या जागा गिलनने सोडून दिल्यात, आहे त्या आवाजात गायलाय. विश्रामबागी, तुम्हाला हवं होतं ते हेच.

विश्रामबागी:
ऐकला. चांगला आहे. मान्य करायला त्रास होतोय, पण चांगला आहे. स्टोन्सच्या ग्रॅमीबद्दल आनंद आहे, आणि 'अँग्री' अजून गाडीत लावतो. गाडीत. घरी नाही. बंड्या भाऊंना कारण माहीत आहे.

कासचं_फूल:
मध्यंतरी मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला ना, २०२४ ला? तेव्हा मला पहिल्यांदा या धाग्याचीच आठवण आली. जवारी काका, अभिनंदन. उशिरा करतेय.

जवारी:
काका म्हणू नकोस, तिशीच चालू आहे. धन्यवाद. जीआयने नावाला संरक्षण मिळतं, कानशीवर हात चालवायला पोरं मिळत नाहीत ते नाहीच. ते असो.

एक प्रस्ताव. माझ्याकडे 'हॅकनी डायमंड्स'ची रेकॉर्ड आलीय. एखाद्या रविवारी कारखान्यात जमू. आधी रेकॉर्ड लावू, मग एक नव्याने जवारी काढलेला तंबोरा आणि एक ओपन जी लावलेली गिटार शेजारी शेजारी वाजवू. चहा माझ्याकडून. मावशींना साताऱ्याहून यायला कोल्हापूरकडची सकाळची गाडी सोयीची.

माहुलीची_मावशी:
येते. कंदी पेढे आणते. चिरंजीवही तेव्हा इकडे असतील तर त्यांना घेऊन येईन, ते तो उचललेला हात करून दाखवतील.

भडंग_बिनलसणाचा:
भडंग माझ्याकडून. लसणाचं आणतो, माणसं येणार आहेत.

डॉल्बीवाला_बंड्या:
स्पीकर मी आनतो. दोन टॉप बास, बेस आनत न्हाई.

गल्लीतला_गणप्या:
मोजून दोनच ना?

आयर्विन_पूल:
गिटार आणतो. सहावी तार पोराने परत चढवलीय, काढून आणतो.

पुणेरी_निर्वासित:
पुण्याहून येईन. '=१'ची सीडी घेऊन येणार, एक बाजू तरी लावावी लागेल.

तारीख_पे_तारीख:
सीडीला एकच बाजू असते.

संपादक:
कट्ट्यासाठी कृपया वेगळा धागा काढावा. तारीख, वेळ, पत्ता तिथेच ठरवा, पत्ता जाहीर टाकू नका. मी पण येतोय.